तिसरा हिस्सा

सासूचं दुखणं वाहून जावयाला काय मिळतं, याचा विचार मिरजेत तोवर कुणी केला नव्हता; कारण तोवर कुठल्या जावयाने ते वाहिलंच नव्हतं. इंद्रजित मगदूमने वाहिलं, आणि त्याच्या पदरात पडलं ते असं. तव्यावरची पहिली, टम्म फुगलेली भाकरी कायमची त्याच्या ताटात आली. घरात वाद निघाला की तो सुरू व्हायच्या आत संपू लागला, कारण सुलक्षणा दुसऱ्याच वाक्याला थांबायची आणि 'या माणसाशी मी कुठल्या तोंडाने भांडू' असा चेहरा करून आत जायची. लग्नकार्यात लांबच्या आत्या त्याच्याकडे बोट दाखवून आपापल्या जावयांना ऐकवायच्या, "बघा, असावा तर असा." ते जावई मग पंक्तीत त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती नजरसुद्धा जमेच्याच बाजूला धरायला हरकत नाही.

खर्चाच्या बाजूला एकच बाब होती आणि ती फक्त त्याला ठाऊक होती. म्हणजे आणखी एका माणसाला ठाऊक होती, पण ते माणूस गेलं होतं.

ते माणूस म्हणजे चंद्राक्का शेडबाळे, सुलक्षणाची आई. हाडांचा कॅन्सर, डाव्या खुब्यापासून सुरू झालेला. सुलक्षणा एकुलती एक आणि नेमकी तेव्हा पोटुशी. पुढे मूल झालं तर अंगावर पिणारं. आईचं दुखणं वाटून घेणारी जोडणी तिला करायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. मग उरला कोण? जावई. त्यातून तो नोकरीला होता ही जोडणी करणाऱ्या केंद्रातच, सर्व्हरचा माणूस म्हणून. नाही म्हणायला जागाच नव्हती. पण हो म्हटल्यावर कौतुक एवढं झालं, की जागा नव्हती ही गोष्ट तो स्वतःसुद्धा विसरून गेला.

केंद्राचं नाव 'समभार'. डॉ. मृण्मयी तेंडोलकरांचा शोध सांगायला सोपा होता. वेदनेत दोन गोष्टी असतात. एक बातमी: चटका बसला, हाड ठणकतंय. दुसरा जाच: ते सोसवत नाही, ओरडावंसं वाटतं, जीव घाबराघुबरा होतो. मेंदूत या दोन्हींच्या वाटा वेगळ्या. मेंदूला विशिष्ट जागी इजा झालेल्या काही माणसांना सुई टोचलेली कळते, पण तिचं काही वाटत नाही, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होतं. तेंडोलकर मॅडमनी तो जाच मोजला, आणि मग एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेला. रुग्णाच्या मानेवर रुपयाएवढी पट्टी, सोबत्याच्या मानेच्या कातडीखाली तुरीच्या डाळीएवढा दाणा. दोन हौद नळीने जोडले की पाणी दोन्हीकडे एका पातळीला येतं, तसं. दहा असेल तर पाच-पाच. "दुखणं नाहीसं होत नाही, वाटलं जातं," मॅडम म्हणायच्या. "बेरीज कधी चुकत नाही." दर आठवड्याला त्या दोघांची पातळी मोजायच्या आणि ती निम्मी-निम्मीच भरायची. एक गोष्ट मात्र त्या बारीक आवाजात सांगायच्या: जाच हाडाचा आहे की मनाचा, हे नळीला कळत नाही. ती दोन्ही सारखेच वाहते.

नळी म्हणजे इंटरनेट, आणि तिथे इंद्रजितचं काम सुरू व्हायचं. इंटरनेट हा येणाऱ्याजाणाऱ्याचा रस्ता. त्यावरून कुणाच्या मज्जातंतूंमधलं काही उघड्यावर नेता येत नाही. वाटेत कुणी हात घातला म्हणजे? म्हणून प्रत्येक जोडीला स्वतंत्र व्हीपीएन. रस्त्याखालून खणलेला खाजगी बोगदाच म्हणा, ज्याच्या दोन्ही तोंडांच्या किल्ल्या फक्त त्या दोघांच्या यंत्रांकडे. लिनक्स सर्व्हरवर एक फोल्डर, त्यात बोगद्यागणिक एक छोटी फाइल, फाइलीला रुग्णाचं नाव. रुग्ण गेला की इंद्रजित त्याचा बोगदा हाताने थांबवायचा. फाइल मात्र पुसायचा नाही. गेलेल्या माणसाचा नंबर आपण मोबाइलमधून पुसतो का? तसंच ते.

आता सर्व्हर बंद होऊन परत चालू झाला, तर कुठले बोगदे आपोआप उघडायचे? ते एका ओळीवर ठरतं. तिथे 'ऑल' लिहिलं की सगळे, 'नन' लिहिलं की एकही नाही, नावं लिहिली की तेवढेच. या तिन्ही ओळी नमुन्यादाखल आयत्याच लिहून आलेल्या होत्या आणि तिन्हींपुढे # हे जाळीसारखं चिन्ह होतं. ज्या ओळीपुढे ते चिन्ह, ती ओळ यंत्राच्या लेखी झोपलेली. तिन्ही झोपलेल्या, म्हणजे आपोआप काहीच उघडणार नाही, असं इंद्रजित धरून चालला. तिन्ही झोपलेल्या असल्या की यंत्र आपल्या जन्मजात सवयीवर जातं आणि ती सवय 'ऑल' आहे, हे त्याने वाचलं नव्हतं. वाचायची वेळही आली नव्हती. बॅटऱ्या, जनरेटर असा सगळा जामानिमा होता. केंद्र निघाल्यापासून सर्व्हर एकदाही बंद पडला नव्हता.

तो बंद पडला नाहीच. पूजेसाठी बंद केला.

खंडेनवमीला मिरजेत रिक्षाच्या हँडलपासून सतार घडवणाऱ्याच्या पटाशीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. मॅडम शोधाच्या बाबतीत कितीही पुढच्या असल्या तरी पूजेच्या बाबतीत आजीच्या पठडीतल्या.

"चालत्या बैलाला कुणी ओवाळतं का, इंद्रजित? बंद करा तासभर."

"मॅडम, माणसं जोडलेली आहेत त्याला."

"सगळ्यांना कळवा, गोळ्या घेऊन बसतील. इतकी वर्षं अखंड राबतोय बिचारा. आणि पूजेला तुम्हीच बसा, जोडीने. चंद्राक्कांचं तुम्ही जे केलंत, त्यानंतर दुसरं कुणी बसणं बरं दिसायचं नाही."

जमेच्या बाजूला ही आणखी एक. इंद्रजितने इस्त्रीचा झब्बा काढला.

सर्व्हरच्या समोर एक पोलादी कपाट होतं. त्यात गेलेल्या रुग्णांच्या पट्ट्या, धुऊनपुसून, ओळीने चार्जरला लावलेल्या. बॅटरी पार उतरली तर पट्टी कायमची जाते आणि नवी यायला महिने लागतात. कपाटामुळे रांगोळीला जागा होईना. इंद्रजितने आणि वॉचमनने ते ढकलत ढकलत सर्व्हरच्या मागे नेलं. पूजा झाली की परत ठेवू, असं दोघंही म्हणाले. असं म्हणून सरकवलेलं कपाट आजवर कुणी परत जागेवर ठेवलेलं ऐकिवात नाही.

सर्व्हरला झेंडूचा हार घातला. सुलक्षणाने दोन वर्षांच्या रेवाला कडेवर घेऊन औक्षण केलं. पंखे थांबलेले असल्यामुळे खोलीत अशी शांतता होती, की निरांजनाची वात चुरचुरलेली ऐकू आली. मग आरती, पेढे, आणि इंद्रजितने बटण दाबलं. जिवंत रुग्णांचे बोगदे हाताने एकेक उठवावे लागतील म्हणून तो बाह्या सरसावून बसला होता. पण पडद्यावर नावांपुढे आपोआप हिरवे ठिपके उमटत गेले.

"अरे वा," तो म्हणाला, "हा तर स्वतःच उठतोय."

"विसावा मिळाला की अंगात जोर येतो," मॅडम म्हणाल्या.

जिवंतांची नावं वर होती. ती सगळी हिरवी झाली एवढं बघून त्याने लॅपटॉप मिटला. यादी खाली आणखी होती.

पट्टी मानेवर आहे की नाही, हे ती उबेवरून ओळखते. अंगाइतकी ऊब लागली की जागी होते. सर्व्हर पाठीमागून गरम हवा सोडतो, अखंड, आणि ती हवा आता थेट कपाटाच्या पत्र्यावर येत होती. बाहेर आश्विनातलं ऊन. दिवस कलेपर्यंत पोलाद अंगाइतकं तापलं. आत, मिटल्या दारांमागे, एकेक पट्टी जागी झाली आणि तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी मानेवर आहोत.

सोबत्यांचे दाणे कातडीखाली तसेच होते. काढायला छोटीशी चीर द्यावी लागते. माणूस गेल्यावर ती कोण देत बसतं? त्यामुळे हिशेब हौदाचाच. एका टोकाला मागे राहिलेलं माणूस, त्याच्या साठलेल्या दुःखासकट. दुसऱ्या टोकाला काहीच नाही, बूड नसलेला हौद. पाणी वाहायला लागलं.

इंद्रजितला ते जाणवलं दसऱ्याच्या आंघोळीला. चंद्राक्का गेल्यापासून रोज सकाळी पहिला तांब्या अंगावर घेतला की त्याच्या पोटात खड्डा पडायचा. का, ते पुढे येईल. त्या दिवशी पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला वाटलं, माणूस विसरतो, चांगलंच आहे.

आठवड्याने हुक्कीरे गुरुजी केंद्रात आले. निवृत्त मास्तर, बायकोचं दुखणं त्यांनी वाहिलं होतं, ती जाऊन वर्ष होत आलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर चहाचा काचेचा ग्लास मुठीत धरून बसले होते.

"गुरुजी, खाली ठेवा तो. उकळता आहे."

"हो, आहे की." गुरुजी हसले. बोटांची टोकं लालभडक झाली होती. "चटका बसतोय, कळतंय मला. पण बसला तर बसू दे."

"घरी बरं?"

"झकास! हिच्या फोटोसमोर मला बसवत नव्हतं बघा वर्षभर. परवा फोटोखालीच पाट घेऊन जेवलो. काल तिचं नाव आठवायला जरा वेळ लागला. आठवलं म्हणा. पण नसतं आठवलं तरी चाललं असतं, असं वाटलं." त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. पहिल्या तळव्याची साल ग्लासाला थोडी चिकटून आली. "तुमचं कसं काय, मगदूम?"

"माझंपण झकास."

दोघं एकमेकांकडे बघून हसले, एकाच वेळी, सारखंच.

इंद्रजित आत गेला आणि त्याने यादी खालपर्यंत उघडली. गुरुजींच्या बायकोच्या नावापुढे हिरवा ठिपका. त्याखाली आणखी चाळीसएक नावं, सगळी तेराव्याची जेवणं होऊन गेलेली, सगळी हिरवी. त्यात चंद्राक्का शेडबाळे: चालू. त्याला सगळं एका दमात उमगलं, झोपलेल्या ओळी, जन्मजात सवय, सरकवलेलं कपाट. उठून पाठीमागे जाऊन त्याने कपाटाच्या दारावर तळवा ठेवला. आजारी माणसाच्या कपाळासारखं लागलं. भीती वाटायला हवी होती. ती पोटातून निघालीही असेल. पण वाटेत बोगदा होता.

बंद करायला हवं, हे त्याला कळलं. पण कळलं तर काय झालं? तो जागेवर येऊन बसला आणि डबा उघडला.

दिवाळी तोंडावर आली. रविवारी दुपारी सुलक्षणा चकल्या तळत होती; इंद्रजित तिथेच स्वयंपाकघरात पाटावर जेवत होता. ती सोऱ्यात पीठ भरायला पाठमोरी झाली, तेवढ्यात रेवाने स्टूल ढकलत ओट्याशी नेलं, त्यावर चढली आणि कढईच्या कानाकडे हात लांबवला. इंद्रजित बघत होता. घास चावत, शांतपणे, रस्त्यावरून जाणारी बैलगाडी बघावी तसा. सुलक्षणाने वळून झडप घातली तेव्हा पोरीची बोटं कढईपासून वीतभरही लांब नव्हती.

"अहो! तुम्ही बघत होता!"

"हो."

"मग? उठायला काय झालं होतं? निदान हाक?"

"हाक मारायला हवी होती," तो म्हणाला. कुणी रास्त सूचना केल्यावर मान डोलवावी, तशी त्याने डोलवली. "तेल तापलेलं दिसत होतं. पडली असती ती. आमटी वाढ जरा."

सुलक्षणाने गॅस बंद केला. रेवाला छातीशी धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. "माणूस आहात का कोण आहात? माझ्या आईचं एवढं वाहिलंत, शेवटच्या श्वासापर्यंत, आणि पोटच्या पोरीला..."

"शेवटच्या नाही गं. सकाळीच बंद केला होता मी."

"काय बंद केलं होतं?"

"बोगदा. त्या दिवशी आंघोळ करून आलो, त्यांच्या खाटेजवळ बसलो. सोसवेना. लॅपटॉप मांडीवर होताच. थांबवला. दुपारी गेल्या ना त्या?" त्याने भाताचं आळं केलं. "म्हणजे मधला वेळ त्यांचा एकटीचा."

गोष्ट सांगताना माणूस घाबरतो, चाचरतो, निदान खाली बघतो. इंद्रजित आमटीची वाट बघत होता.

इथे एक सांगायला हवं. चंद्राक्कांचे शेवटचे शब्द सगळ्या नात्यात माहीत होते. सुलक्षणाने ते दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितले होते, डोळे पुसत. त्या सकाळी ती आईचे पाय धरून बसली होती, इंद्रजित उशाशी होता. आईने एकाएकी खाटेची दांडी घट्ट धरली, जावयाकडे बघितलं आणि म्हणाली, "सुलू, जावईबापूंना चहा दे." सुलक्षणा उठून आत गेली, आलं ठेचलं, चहा उकळला. परत आली तोवर आईने डोळे मिटले होते, ते पुन्हा उघडलेच नाहीत. मरतानासुद्धा जावयाची एवढी काळजी, असं लोक एकमेकांना सांगत राहिले.

"म्हणजे तिला कळलं होतं," सुलक्षणा म्हणाली.

"कळणारच. माझे पाच त्यांच्याकडे परत गेले, दहाचे दहा झाले. माझ्याकडे बघितलंच की त्यांनी." इंद्रजित कौतुकाने हसला. "म्हणून तर तुला आत पाठवलं. चेहरा बघून तुला संशय आला असता. हुशार बाई."

आमटीचं पातेलं जागच्या जागी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाला शेजारी ठेवून सुलक्षणा केंद्रात गेली, इंद्रजितच्या आधी. मॅडमच्या खोलीत बसायलाही थांबली नाही.

"माझ्या घरात जो माणूस जेवतोय, तो कोण आहे ते मला सांगा."

तिने काल दुपारचं सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकता ऐकता सर्व्हरची यादी उघडली आणि ती खाली नेता नेता त्यांचा हात सावकाश होत गेला. मग त्या एकदम उठल्या. सुलक्षणा त्यांच्या मागे. कपाटाचं दार उघडलं तशी आतून ऊब आली, झोपलेल्या माणसांच्या खोलीतून येते तशी. पट्ट्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे दिवे होते. ते सगळे मंद उजळत होते आणि विझत होते, पण एका तालात नाही. ज्याचा त्याचा श्वास वेगळा असावा तसे.

"रिकामी टोकं," मॅडम पुटपुटल्या. "अहो, मिरजेतल्या चाळीस घरांचं दुःख इथे गळतंय. दुःख, काळजी, भीती, सगळंच."

"मला माहीत आहे, मॅडम." इंद्रजित दारात उभा होता, खांद्याला डब्याची पिशवी.

"माहीत होतं? आणि बंद नाही केलंत?"

"करायला हवं होतं."

मॅडमनी चार्जरची वायर उपटायला हात घातला. पण सुलक्षणाने आधीच नावाची चिठ्ठी शोधून एक पट्टी उचलली होती.

"सुलक्षणा, ते खाली ठेव. तुला एकदाही जोडणी केलेली नाही..."

"आता मी पोटुशी नाही, मॅडम," ती म्हणाली आणि केस वर धरून पट्टी मानेवर दाबली.

इंद्रजितच्या हातातली पिशवी पडली. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्यांवर आणि पुसट रांगोळीवर तो बसला आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला, तो त्याचाच आहे हे त्याला उशिरा कळलं. बोगदा चित्रं नेत नाही, नुसता जाच नेतो. पण चित्रं इंद्रजितकडे होतीच. खाटेची दांडी, तिच्यावरची पांढरी पडलेली बोटं. आतून येणारा आलं ठेचल्याचा आवाज. त्या आवाजात एक बाई ओठ मिटून दहाचे दहा सोसत होती आणि तिची मुलगी जावयासाठी दूध ओतत होती. काठोकाठ भरलेला हौद रिकाम्या हौदात आला.

त्याचा हात लॅपटॉपकडे गेला. थांबवायचा शब्द त्याच्या बोटांना पाठ होता.

सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती, घामाने डबडबलेली. "करा की बंद. सवय आहे तुम्हाला."

बोटं कळांवर होती. सर्व्हरचे पंखे घुमत होते.

त्याने थांबवायचा शब्द लिहिला नाही. ती झोपलेल्या ओळींची फाइल उघडली. तिसऱ्या ओळीपुढचं चिन्ह खोडून ती जागी केली आणि तिच्यात जिवंत रुग्णांची नावं एकेक करून लिहिली. सगळ्यात शेवटी लिहिलं: चंद्राक्का. नुसती ओळ बदलून भागत नाही, यंत्राला ती परत वाचायला लावावी लागते, तेही केलं. मग रडत रडत गेलेल्यांचे बोगदे एकामागून एक थांबवले, एक सोडून.

"ते नाव कशाला आत घातलंत?" मॅडमनी विचारलं. "सर्व्हर बंद होऊन चालू झाला की उघडेल तो आपोआप."

उत्तर सुलक्षणाने दिलं. "उघडू दे. वीज जाऊ दे, पूजा होऊ दे, तो उघडलाच पाहिजे. यांच्या हातावर आता काही ठेवायचं नाही."

थोड्या वेळाने गुरुजींचा फोन आला. ते लहान मुलासारखे म्हणाले, "अहो मगदूम, बोटं भाजलीत हो माझी."

आता कुणी किती भरलं ते बघू. गुरुजींना पंधरवडाभराची शांतता मिळाली होती. ती एका दुपारी परत गेली आणि वर तळव्यावर डाग राहिला. फोटोसमोर त्यांना पुन्हा बसवत नाही, पण नाव विचारलं की चटकन सांगतात. बाकीच्या घरांनीही आपापलं ज्याचं त्याने भरलं. रिकाम्या झालेल्या विहिरीला पाणी येतं, तसं ते भरून आलं. मॅडमनी कपाट स्वतः ढकलून जागेवर नेलं आणि आठ दिवस कंबर धरून बसल्या. सर्व्हरने काही भरलं नाही. त्याला फक्त विसावा मिळाला.

इंद्रजितची पहिली भाकरी आता रेवाच्या ताटात जाते. वाद दुसऱ्या वाक्याला थांबत नाहीत, पार शेवटापर्यंत जातात; आणि मध्येच दोघंही गप्प होतात, कारण लागलं ते दोघांनाही सारखंच लागलेलं असतं. लग्नकार्यात आत्या अजून बोट दाखवतात. तो उठून लांब जाऊन बसतो.

सुलक्षणा पट्टी काढत नाही. त्यामुळे दर आठवड्याला मॅडमना दोघांची पातळी मोजावी लागते आणि तिथेच घोळ आहे. बोगदा क्षणभर थांबवून दोघांचं वेगवेगळं मोजलं, तर बेरीज समजा नऊ येते. जोडल्यावर साडेचार-साडेचार यायला हवेत. येतात तीन आणि तीन. मॅडमनी मोजणीचं यंत्र बदललं, नवं आणलं. तीन आणि तीन. दुसरा सर्व्हर लावून पाहिला, वायरी बदलल्या, कपाट गच्चीवर नेऊन रिकामं केलं. बारा असले तर चार आणि चार, सहा असले तर दोन आणि दोन. कधीमधी दुपारी चहाच्या वेळेला इंद्रजितचा डावा खुबा ठणकतो, त्याच वेळी सुलक्षणाचाही. दोघांच्या हाडांत तपासणीत काही सापडलेलं नाही.

"गळती असणार कुठेतरी," मॅडम म्हणतात. बेरीज कधी चुकत नाही, हे वाक्य मात्र त्या हल्ली म्हणत नाहीत.

सुलक्षणा मोजणी करून घरी आली की ती आलं ठेचते आणि चहा टाकते, आणि तो गाळून होईपर्यंत ओट्याशी पाठ करून उभी राहते, आत कुणाला तरी थोडा वेळ द्यावा तशी.

इंद्रजित मात्र रोज सकाळी आंघोळ झाली की यादी शेवटपर्यंत उघडून बघतो. तिथे एका नावापुढे हिरवा ठिपका असतो. भरणारी माणसं दोन आणि हिस्से तीन. जावयाने एकदा हात काढून घेतला होता. सासूने अजून काढलेला नाही.